‘कशावरून?’ विचारायला शिकवा

महोदय,
स.न.वि.वि.

मी कळव्याला राहते आणि तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाचे हिशेब, लिहिते. वय ४४. बी.कॉम. होऊन २२ वर्षे झाली आणि आता मी तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी देणार आहे. आपल्या स्पर्धा परीक्षांच्या पानावरची तर्कक्षमतेची चौकट मी दर वेळी कापून ठेवते. त्या चौकटीबद्दलच हे पत्र आहे. रक्ताची नाती, दिशा, गोलाकार बैठक, सांकेतिक भाषा, घड्याळ, कॅलेंडर हे सगळे त्यात येऊन गेले, काही तर दोन-तीनदा आले. पण एखादे विधान देऊन ‘यात काय गृहीत धरले आहे’, ‘कोणत्या पर्यायामुळे हा युक्तिवाद कमजोर होतो’, ‘यावरून कोणता निष्कर्ष निघतो’ असे जे प्रश्न विचारतात, ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे आणि प्रत्येकात नेमके काय करायचे, हे एकदाही आले नाही. माझ्यासारख्यांचे गुण तिथेच जातात.

हे गुण थोडेथोडके नाहीत. तीन वर्षांच्या विधी सीईटीत २०२४ पासून १२० प्रश्न झाले, वेळ दोन तास. त्यात तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेचे २४. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तेच ३२. माझी भाची एमबीएच्या सीईटीची तयारी करते, तिच्या २०० प्रश्नांत ७५ तर्कक्षमतेचे आणि वेळ १५० मिनिटे. म्हणजे तिला एका प्रश्नाला पाऊण मिनिट, मला एक मिनिट. उत्तर चुकले तर आमच्या दोघींच्या परीक्षांत गुण कापत नाहीत हे खरे. पण एका मिनिटात प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे आणि मग ‘आपल्याला करायचेय काय’ याचाच विचार करत बसायचे, एवढी चैन त्यात नाही.

मी आधी स्टेशनजवळच्या एका क्लासला गेले. १४ हजार रुपये भरले. माझ्या पगारात ही रक्कम मोठी आहे, त्यासाठी भिशीचा नंबर आधी मागून घेतला होता. शिकवणारा मुलगा हुशार होता, बैठकव्यवस्थेचे कोडे फळ्यावर भराभर सोडवायचा. विधानांच्या प्रश्नांवर मात्र त्याने एका तासात तीन युक्त्या दिल्या आणि विषय मिटवला. ‘म्हणून’ दिसले की पुढचे वाक्य निष्कर्ष. पर्यायात ‘सर्व’, ‘प्रत्येक’, ‘कधीच’, ‘नेहमी’ असे शब्द आले की तो पर्याय खोडा. आणि उताऱ्यात नसलेली माहिती पर्यायात दिसली की तोही खोडा.

तिन्ही युक्त्या मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिल्या. महिनाभर त्यांच्याप्रमाणे सराव केला आणि माझे गुण होते तिथेच राहिले. कधी युक्ती बरोबर यायची, कधी तीच युक्ती बरोबर उत्तर खोडायला लावायची. का, ते कळत नव्हते. क्लासमध्ये विचारले तर ‘ताई, सराव वाढवा’ एवढेच उत्तर मिळाले.

कारण सापडले ते गाळ्यावर.

ऑगस्टमधली गोष्ट. एक गाडी उतरवून घेतली होती. खरेदीदाराने थप्पीतल्या वरच्या गोणीच्या जाळीतून दोन-तीन कांदे दाबून पाहिले, वास घेतला आणि म्हणाला, ‘माल चांगलाय, भाव बोला.’ आमच्याकडे एक वयस्कर माथाडी आहेत, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तात्यांनी काही न बोलता एक गोणी खाली ओढली, सुतळी सोडली आणि अख्खी गोणी जमिनीवर ओतली. वरचे कांदे कोरडे, लाल, खणखणीत. तळाला होते ते ओलसर, काहींना कोंब फुटलेले, काहींवर काजळी. तात्या म्हणाले, ‘वरचा आन खालचा सारखा आसंल तर ना माल चांगला.’

मी पट्टी लिहायचे पेन तसेच हातात धरून बसले. महिनाभर ‘गृहीतक’ या शब्दाशी मी झगडत होते ना, ते हेच! खरेदीदाराचा आधार काय, तर वरचे कांदे चांगले आहेत. निष्कर्ष काय, तर सगळा माल चांगला आहे. या दोघांच्या मध्ये एक फळी आहे, तो तिच्यावर पाय देऊन पलीकडे गेला, पण तोंडाने तिचे नाव घेतले नाही: खालचा माल वरच्यासारखाच आहे. न बोललेली ती फळी म्हणजे गृहीतक. ती खरोखर फळीच आहे का, हे तपासायचे तर तात्यांनी केले तेच करायचे, उलटे करून पाहायचे. ‘खालचा माल वरच्यासारखा नाही’ असे म्हणा. युक्तिवाद उभा राहतो का? नाही राहत. मग गृहीतक तेच. उलटे केल्यावरही युक्तिवाद जागचा हलला नाही, तर तो पर्याय कितीही खरा वाटो, ते गृहीतक नव्हे. ‘कांद्याला चांगली मागणी आहे’ हा पर्याय घ्या. तो उलटा केला, मागणी नाही असे धरले, तरी माल चांगला की वाईट याला काही धक्का लागत नाही. म्हणजे तो गेला.

त्या दिवसापासून मी बाजारातले बोलणे वेगळ्या कानाने ऐकायला लागले. आपल्या मराठीत दोन साधे प्रश्न आहेत, आपण दिवसभर ते एकमेकांना विचारत असतो: ‘कशावरून?’ आणि ‘म्हणून काय?’ कोणी काही ठासून म्हटले की ‘कशावरून?’ विचारावे, हाती येतो तो आधार. कोणी नुसतीच माहिती सांगत सुटला की ‘म्हणून काय?’ विचारावे, हाती येतो तो निष्कर्ष. क्लासची पहिली युक्ती इथेच निकामी होते. माणसे ‘म्हणून’ म्हणतातच असे नाही, आणि निष्कर्ष शेवटी येतो असेही नाही. ‘उद्या भाव उतरणार. नाशिककडनं रात्री शंभरावर गाड्या निघाल्यात.’ निष्कर्ष पहिल्याच वाक्यात आहे आणि ‘म्हणून’ कुठेच नाही. ‘कशावरून?’ विचारले की दुसरे वाक्य आपोआप पुढे येते.

आता बाकीच्या दोन युक्त्या. कोणत्या प्रश्नात कोणाला खरे धरायचे हे मला कोणी सांगितले नव्हते. घोटाळ्याचे मूळ ते होते आणि तेच मला आपल्या वाचकांपर्यंत पोचवायचे आहे.

‘यावरून कोणता निष्कर्ष निघतो’ असा प्रश्न असेल तर उतारा शंभर टक्के खरा धरायचा आणि पर्यायांवर संशय घ्यायचा. उताऱ्याबाहेरची आपली माहिती, अनुभव, सगळे बाजूला. ‘कोणत्या पर्यायामुळे युक्तिवाद कमजोर होतो’ किंवा ‘बळकट होतो’ असा प्रश्न असेल तर बरोबर उलटे: पर्याय खरे धरायचे, ते उताऱ्यात नसले तरी, आणि संशय घ्यायचा उताऱ्यातल्या युक्तिवादावर. ‘उताऱ्यात नाही, खोडा’ ही युक्ती पहिल्या प्रकारात सोन्यासारखी आहे आणि दुसऱ्या प्रकारात घात करते, कारण तिथे बरोबर उत्तर बहुधा नवीनच माहिती घेऊन येते. महिनाभर माझे गुण का हलत नव्हते, ते यात आले.

पहिल्या प्रकारात मी कशी फसले ते सांगते. प्रश्न असा होता: ‘एका गावातील सर्व शेतकरी कांदा पिकवतात. कांदा पिकवणाऱ्यांपैकी काहींकडे कांदाचाळ आहे.’ यावरून ‘त्या गावातील काही शेतकऱ्यांकडे कांदाचाळ आहे’ हा निष्कर्ष निघतो का? मी डोळे मिटून ‘निघतो’ म्हटले. अख्खे गाव कांदा पिकवते आणि एकाकडेही चाळ नाही, असे गाव मी पाहिलेले नाही. पण उताऱ्यातले ते ‘काही’ दुसऱ्या तालुक्यातले असू शकतात. या गावातला एकही त्यांत नसेल. निष्कर्ष निघत नाही. माझ्या बाजाराच्या ज्ञानाने माझा गुण घालवला. ज्यांना विषयाची माहिती आहे त्यांनीच या प्रकारात जास्त जपायला हवे, असे माझे मत झाले आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरणही बाजारातलेच. जुलैत दोन दिवस आवक घसरली. आमचे शेठ म्हणाले, ‘पावसामुळे गाड्या कमी आल्या.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे एक ड्रायव्हर सांगू लागला की कसारा घाटात दरड आली होती, गाड्या वर अडकून पडल्या होत्या. रात्री रस्ता मोकळा झाला तसे सगळे एकदम सुटले, आणि पाऊस तर तेव्हाही चालूच होता. शेवटच्या या वाक्याची किंमत पाहा. नुसते ‘घाट बंद होता’ एवढ्याने शेठचे म्हणणे थोडे हलते, कारण दुसरे कारण पुढे येते. ‘पाऊस तसाच होता आणि तरी गाड्या आल्या’ याने ते चांगलेच कोलमडते. समजा ड्रायव्हर म्हणाला असता, ‘घाट उघडाच होता, पण चिखलामुळे शेतातून माल काढताच येत नव्हता’, तर शेठचे म्हणणे बळकट झाले असते. तिन्ही वाक्ये बाहेरून आलेली, शेठच्या वाक्यात यातले एकही नव्हते. आणि ड्रायव्हर खरे बोलतो की खोटे हे परीक्षेत आपण ठरवायचे नसते. तो खरे बोलतो असे धरून शेठच्या युक्तिवादाचे काय होते, एवढेच पाहायचे.

‘सर्व’, ‘प्रत्येक’ हे शब्द दिसले की खोडा, या युक्तीचेही तेच. उतारा म्हणतो, ‘परवाना नसलेला एकही जण या बाजारात माल विकत नाही.’ पर्याय म्हणतो, ‘या बाजारात माल विकणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना आहे.’ ‘प्रत्येक’ आले म्हणून खोडला तर बरोबर उत्तर गेले. उतारा ठाम असेल तर निष्कर्षही ठाम असू शकतो. उतारा जेव्हा ‘काही’, ‘बहुधा’ असे मोघम बोलतो, तेव्हा ठाम पर्यायाचा संशय घ्यावा. आणि ‘युक्तिवाद सर्वात जास्त कशाने बळकट होईल’ असे विचारले असेल तर ठाम पर्याय उलट कामाचाच.

शब्दांवरून आठवले. मराठीतून हा पेपर देणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. विधी सीईटी मराठीतूनही देता येते, ही फार चांगली गोष्ट आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट इंग्रजीतच होते, तिथे साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. मराठी माध्यमाच्या मुलांना राज्याची परीक्षा हाच मोठा दरवाजा आहे. पण त्या दरवाजावरच्या पाट्या वाचता येत नाहीत अशी स्थिती आहे. ‘अनुमान’ हा शब्द घ्या. रोजच्या बोलण्यात अनुमान म्हणजे अंदाज. पावसाचे अनुमान चुकले, असे आपण म्हणतो. तर्काच्या प्रश्नात मात्र दिलेल्या विधानांवरून जे निघालेच पाहिजे ते अनुमान, त्यात अंदाजाला जागा नाही. खुद्द ‘तर्क’ या शब्दाचे तसेच; ‘तर्क लढवला’ म्हणजे आपल्या लेखी अंदाज बांधला. माझ्याकडच्या तीन मार्गदर्शक पुस्तकांत एकाच गोष्टीला तीन नावे आहेत: एकात गृहीतक, दुसऱ्यात पूर्वधारणा, तिसऱ्यात नुसते धारणा. त्यांतल्याच एकात नात्यांच्या प्रश्नात सगळीकडे ‘काका’ छापले आहे. मूळ इंग्रजी शब्दाने मामाही चालतो, मराठीत चालत नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून होते.

‘काही’ हा शब्द तर सगळ्यांत फसवा. ‘काही कांदे खराब आहेत’ असे मी म्हटले की ऐकणारा बाकीचे चांगले आहेत असे समजतो, आणि बाजारात ते योग्यही आहे. तर्काच्या पेपरात ‘काही’ म्हणजे किमान एक, सगळेही असू शकतात. ‘काही विद्यार्थी खेळाडू आहेत’ यावरून ‘काही विद्यार्थी खेळाडू नाहीत’ असे निघत नाही. हे मला कळायला दीड महिना लागला आणि कळले तेव्हा आधीच्या सगळ्या सराव पेपरांतल्या माझ्या चुका एका ओळीत दिसायला लागल्या.

उलट मराठीने दिलेल्या सोयीही आहेत, त्या वापरायला कोणी शिकवत नाही. आपला ‘च’ पाहा. ‘पास असेल तर गाडी आत सोडतात’ आणि ‘पास असेल तरच गाडी आत सोडतात’ यांत फरक एका अक्षराचा, पण पहिल्या वाक्यात पास पुरेसा आहे आणि दुसऱ्यात पास लागतो, पुरेल याची हमी नाही. दुसऱ्या वाक्यावरून एवढेच निघते की आत आलेल्या गाडीकडे पास आहे आणि पास नसलेली गाडी आत नाही. पास आहे म्हणजे गाडी आत आली असेल, हे निघत नाही. आपली म्हण आहेच: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहऱ्यात आले तर आडात होतेच. पण आडात आहे म्हणून पोहऱ्यात येईलच असे नाही, दोर तोकडा पडला तर? भल्याभल्यांना चकवणारा हा प्रकार माझ्या आजीला पाठ होता, तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

तर्कदोष ओळखायच्या प्रश्नांचेही तसेच आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे नव्हे. शितावरून भाताची परीक्षा. ही मात्र सरसकट चूक नव्हे, आणि ते का नव्हे हे समजून घेण्यात मजा आहे. एकाच पातेल्यात, एकाच विस्तवावर, ढवळून शिजलेला भात असतो, म्हणून एक शीत पुरते. कांद्याच्या गोणीला ते पुरत नाही, कारण गोणीत माल ढवळलेला नसतो, भरलेला असतो, आणि भरणारा वर काय ठेवायचे ते जाणून असतो. नमुना कसा घेतला, याच एका गोष्टीवर पाहणीचे आणि सर्वेक्षणाचे किती प्रश्न सुटतात ते सोडवून पाहावे.

मी हे सगळे एकटीने शोधले असा माझा दावा नाही. अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय घेता येतो आणि बालभारतीचे त्याचे मराठी पाठ्यपुस्तक संकेतस्थळावर फुकट मिळते. मी वाणिज्यवाली, मला त्याचा पत्ताच नव्हता. आमच्या सोसायटीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी सांगितले. आधारविधान, निष्कर्ष, तर्कदोष हे शब्द तिथे व्यवस्थित समजावून दिले आहेत. १४ हजारांच्या क्लासमध्ये त्या पुस्तकाचे नाव निघाले नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. ज्या शहरात सव्वाशे वर्षांहून जुने मराठी ग्रंथालय आहे, त्या शहरातल्या मुलांना ‘तर्क मराठीतून शिकता येत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा मला राग येतो.

आता आमची रविवारी पाच जणांची बैठक असते, सोसायटीच्या कार्यालयात. मी, भाची, मॉलमध्ये काम करणारी एक मुलगी, आमच्या वॉचमनचा मुलगा आणि ते प्राध्यापक. हा मुलगा मराठी शाळेत शिकला, बोलायला बुजतो. पहिल्या रविवारी त्याला ‘खालीलपैकी कोणते अनुमान वैध आहे’ असा प्रश्न वाचून दाखवला, तर तो खाली बघत बसला. तोच प्रश्न ‘एवढं खरं धरलं तर काय मानावंच लागेल?’ असा विचारला, आणि त्याने पर्याय पुरते वाचायच्या आत उत्तर सांगितले. कारणासकट. मी ते विसरू शकत नाही. त्याला तर्क येत होता, प्रश्न कळत नव्हता.

माझा स्वतःचा सराव गाडीत होतो. पहाटे ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून पनवेल किंवा वाशी, जी मिळेल ती गाडी. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे; एका स्टेशनाला एक प्रश्न. मी आधी उतारा वाचतच नाही. प्रश्नाची ओळ वाचते आणि समासात एकच अक्षर लिहिते: उतारा खरा धरायचा असेल तर ‘उ’, पर्याय खरे धरायचे असतील तर ‘प’, न बोललेली फळी शोधायची असेल तर ‘फ’. मग उतारा. यात तीन-चार सेकंद जातात आणि पुढे अर्धे मिनिट वाचते. पूर्वी २४ पैकी १० च्या वर माझी गाडी जात नव्हती. गेल्या तीन सराव पेपरांत १६, १७ आणि १६ आले.

अमेरिकेतली विधी प्रवेश परीक्षा एलसॅट. तिच्यात बैठकव्यवस्थेसारख्या कोड्यांचा एक स्वतंत्र विभाग होता. आकृती काढल्याशिवाय तो सुटणे कठीण, म्हणून एका अंध उमेदवाराने न्यायालयात दाद मागितली, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग काढून टाकला. त्याच्या जागी युक्तिवादांच्या प्रश्नांचा आणखी एक विभाग आला. आपल्याकडे कोडी राहोत, मला ती आवडतात. पण वकिली शिकायला येणाऱ्याला युक्तिवाद वाचता आलाच पाहिजे असे तिथल्या लोकांना वाटते आणि आपल्या शिकवणीत नेमका तोच भाग एका तासात उरकला जातो, हे मला खटकते.

मला वकिली का शिकायची, हेही सांगते. दोन वर्षांपूर्वी सिन्नरकडचा एक शेतकरी दुसऱ्या एका गाळ्यावरची पट्टी घेऊन माझ्याकडे आला. वजनाच्या आकड्यावर दुसरा आकडा गिरवलेला होता. त्याला समोरून सांगितले होते, ‘पट्टीवर आहे तेच वजन.’ तो बिचारा मान हलवून निघाला होता. ‘कशावरून?’ एवढा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला असता, तर काट्याची पावती मागता आली असती. मीही त्या दिवशी तो शब्द बोलले नाही. मला पट्टी लिहिता येत होती, पण तिच्यावर प्रश्न कसा विचारायचा ते येत नव्हते.

म्हणून आपल्याला विनंती आहे. स्पर्धा परीक्षांच्या पानावर आठवड्यातून एकदा, फार नको, दहा-बारा ओळींची जागा द्या. त्या आठवड्याच्या बातमीतला, भाषणातला किंवा जाहिरातीतला एक युक्तिवाद मराठीत छापा आणि त्याच एका युक्तिवादावर चार वेगवेगळे प्रश्न विचारा: याचा निष्कर्ष कोणता, न बोललेले काय, हे कशाने ढासळेल, यावरून काय मानावेच लागेल. एकाच उताऱ्यावर चारही प्रश्न आले की प्रकारांतला फरक डोळ्यांना दिसतो. चार वेगळ्या उताऱ्यांवर तो दिसत नाही, हे मी करून पाहिले आहे. आणि उत्तरासोबत बरोबर पर्याय का बरोबर, एवढ्यावर थांबू नका. इतर तीन का चुकले तेही एकेका ओळीत द्या. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडेही आपल्यामार्फत एक मागणी पोचावी: अभ्यासक्रमासोबत या प्रश्नप्रकारांची मराठी नावे आणि प्रत्येकाचा एक सोडवलेला नमुना प्रसिद्ध करावा, म्हणजे मार्गदर्शकांतली तीन-तीन नावे संपतील. ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभ्यासिका चालवणाऱ्यांनी रविवारचा एक तास ‘बोलायचा तास’ ठेवावा. अभ्यासिकेत शांतता हवीच, पण युक्तिवाद मोठ्याने बोलल्याशिवाय कळत नाही.

सोबत आमच्या रविवारच्या बैठकीत तयार केलेले तीन उतारे आणि त्यांवरचे बारा प्रश्न जोडले आहेत. पहिला गोणीवरचा आहे, दुसरा घाटावरचा, तिसरा ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीवरचा. जागेप्रमाणे कमी-जास्त करायला आमची हरकत नाही. उत्तरे वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत, म्हणजे आपल्याकडे कोणी आधी स्वतः सोडवून पाहणार असेल तर त्याला ती दिसणार नाहीत. तिसऱ्या उताऱ्यावरच्या शेवटच्या प्रश्नाबाबत आमच्यात अजून एकमत नाही. प्राध्यापक ‘क’ म्हणतात, वॉचमनचा मुलगा ‘ड’ म्हणतो, आणि दोन रविवार झाले, तो मागे हटलेला नाही.

आपली,
एक वाचक
कळवा, जि. ठाणे